दोघांनी धरायचा पंप

या बाईंविषयी मी लिहावं हेच मुळात चुकतंय. त्यांना नीट ओळखणारी माणसं आमच्या इमारतीत भरपूर होती, मी त्यांतला नव्हे. त्यांच्या खोलीत मी कधी बसलो नाही. नवरा वारला होता की सोडून गेला होता, की मुळात नव्हताच, हे मला आजही ठाऊक नाही. चहात साखर किती घेत तेही सांगता येणार नाही, कारण त्या चहा नेहमी दुसऱ्याच्या घरचा पीत आणि मिळेल तसा पीत. पण वरच्या मजल्यावरची मुलं म्हणाली, "आजोबा, तुमच्या खिडकीतून सगळं दिसत होतं, तुम्हीच लिहा." खिडकी माझी आहे, हे खरं. माझा अधिकार तेवढाच.

बाई आमच्या इमारतीची देखरेख करत. भाड्याच्या खोल्यांची इमारत. तळमजल्यावर मी, मधल्या मजल्यांवर कुटुंबं, आणि सगळ्यात वर एका लांब बोळाच्या दोन्ही बाजूंना काड्यापेटीएवढ्या खोल्या. त्या खोल्यांत घर सोडून शिकायला किंवा नोकरीला आलेली मुलं-मुली राहत. ती सगळी बाईंना मावशी म्हणत. मी आयुष्यभर यंत्रांचे नकाशे काढले, म्हणून बाई मला नकाशेकाका म्हणत. मी त्यांना काहीच म्हणत नसे. हाक मारायची वेळ आली तर खाकरायचो.

जिन्याखाली अडगळीची एक खोली होती. इमारतीची सगळी अवजारं पूर्वी तिथे असत आणि किल्ली बाईंच्या कमरेला. एकदा तिथे पाणी झिरपलं म्हणून त्यांनी सामान बाहेर काढलं आणि घरोघरी वाटून टाकलं. भिंत वाळली, पण सामान काही परत गेलं नाही. हातोडी पहिल्या मजल्यावरच्या शिंपिणीकडे राहिली, खिळे मात्र तिच्या समोरच्या घरात. पाने-पकडी वर कुरिअरवाल्या मुलाकडे. लांब वायर दुसऱ्या मजल्यावरच्या हिशेबनिसांकडे. भिंतीवर साधा आरसा टांगायचा म्हटलं तरी नव्या भाडेकरूला निम्मी इमारत फिरावी लागे.

एक मुलगी वैतागून अंगणात ओरडली होती, ते मला स्वच्छ ऐकू आलं. "मावशी, एका हातोडीसाठी मी किती दारं ठोठावू?"

"आता हातोडी नाही ना तुझ्याकडे, मग हातानेच ठोठाव," बाई म्हणाल्या.

शिडी माझ्या वाट्याला आली. "तुमचा पॅसेज मोकळा आहे," बाई म्हणाल्या. मला ते पटलं. पॅसेज खरंच मोकळा होता. त्याआधी माझं दार वाजवायचा तो फक्त मीटर बघणारा. शिडी आली आणि दाराला उसंत मिळेना. कुणाचा दिवा गेलेला, कुणाच्या माळ्यावर बॅग अडकलेली, कुणाच्या पंख्यावर जाळी. त्यात ती शिडी डुगडुगायची, म्हणून नुसती देऊन भागत नसे, धरायलाही जावं लागे. असं करत मी इमारतीतल्या जवळजवळ सगळ्या खोल्यांची छतं पाहिली. माणसांकडे बघून बोलायला मला संकोच वाटतो. छताकडे बघत बरं बोलता येतं.

आता त्या मुलाचं सांगतो. तो वरच्या मजल्यावर कोपऱ्याच्या खोलीत आला तेव्हा चांगला हसतमुख होता असं म्हणतात, मी पाहिला नव्हता. त्याची नोकरी कॉम्प्युटरवरची, खोलीत बसूनच करायची. आला, खिडकीचा पडदा ओढून घेतला, आणि तो पुन्हा उघडलाच नाही. जेवण डब्यातून दारापर्यंत येई. रिकामा डबा दाराबाहेर ठेवलेला असे, पुढे पुढे तो अर्धा भरलेलाच असायचा. मुलांनी त्याचं नाव 'पडदा' ठेवलं. वाईट मनाने नव्हे, पण त्याचा चेहराच कुणी धड पाहिला नव्हता, मग दुसरं काय म्हणणार?

बाई सकाळी अंगणात एक फेरी मारत आणि माझ्या खिडकीच्या कट्ट्यावर कोपर टेकून जरा दम खात. एके दिवशी म्हणाल्या, "काका, वरच्या त्या पोराच्या बुटांवर धूळ बसलीय."

"पुसत नसेल."

"अहो, घालतच नाहीये."

बाईच पुढे म्हणाल्या, "काल त्याच्या आईचा फोन होता मला. म्हणते, तो सगळं ठीक आहे म्हणतो, पण आवाज ठीक नाही. मी पुढच्या महिन्यात येते आणि असाच असेल तर उचलून घरी नेते."

"मग बरंच आहे की. आई ती आई."

"नेऊ दे की. पण घरी जाऊन काय, तिथल्या खोलीत बसेल. खोली बदलेल, पडदा तोच. आणि नोकरी जाईल ती वेगळीच. मग तर बाहेर यायला काही कारणच उरणार नाही." त्यांनी कट्ट्यावरची धूळ बोटाने पुसली. "बोलायला गेलं की 'मी मजेत आहे मावशी' म्हणतो आणि दार लावतो. इतक्या गोड आवाजात लावतो की रागावताही येत नाही."

इमारतीतली बहुतेक तरुण मंडळी सायकलवरून जात-येत. अंगणात सायकलींची रांग असे आणि रोज कुणाच्या ना कुणाच्या चाकातली हवा गेलेली असे. हवा भरायचा पंप तोवर शिंपिणीकडे होता. बाईंनी तो उचलला आणि कोपऱ्यातल्या खोलीत नेऊन दिला. "जरा ठेव बाबा तुझ्याकडे, तिच्याकडे कापडाचे गठ्ठे झालेत." मुलाने बिनतक्रार घेतला. दुसऱ्या दिवशी बघतात तर पंप दाराबाहेर पायपुसण्यावर उभा, त्याला कागद चिकटवलेला: 'कृपया वापरून इथेच ठेवावा. दार वाजवण्याची गरज नाही.'

बाईंना मी तेवढं चिडलेलं दुसऱ्यांदा पाहिलं नाही. "अक्षर बघा किती सुंदर आहे मेल्याचं!" असं म्हणत त्यांनी तो कागद माझ्यापुढे नाचवला.

दोन-एक दिवसांनी त्या खिडकीशी आल्या आणि माझ्या हातावर काहीतरी ठेवून त्यांनी माझी मूठ बंद केली. रबराची एक छोटी चकती होती. पंपाच्या तोंडातला वॉशर.

"हा ठेवा तुमच्याकडे. कुणी विचारलं तर माहीत नाही म्हणायचं."

"अहो पण याच्याशिवाय हवा कशी भरणार? सगळी बाजूनेच निसटेल."

"एकाने केलं तर निसटेल. एकाने तोंड दोन्ही हातांनी घट्ट दाबून धरलं आणि दुसऱ्याने पंप मारला, की जाते आत. मी बघितलंय करून."

"आणि धरणार कोण?"

"ज्याच्याकडे पंप आहे तो. आणखी कोण?"

खोटं बोलायचं नुसतं ठरलं तरी माझे कान लाल होतात. तो वॉशर मी पेन्सिलींच्या डबीत टाकला आणि डबी कपाटात, कपड्यांच्या खाली. मग पॅसेजमध्ये उभा राहिलो आणि सहज शिडीच्या पायांकडे लक्ष गेलं. एका पायाला रबराचा बूट होता. दुसऱ्याला नव्हता. बाईंना त्याविषयी मी कधी विचारलं नाही, आणि तो बूट मी विकत आणूनही बसवला नाही.

पहिली गेली ती नर्स. तीही वरच्याच मजल्यावर राहायची, हॉस्पिटलात नुकतीच लागलेली, बोलण्यात फटकळ. पंप घेऊन खाली आली, सूं सूं आवाज करत सगळी हवा बाहेर. तशीच परत वर. मग वरून तिचा आवाज सगळ्या इमारतीला ऐकू आला.

"अहो, दार उघडा! मावशी म्हणतात हा पंप तुम्हालाच जमतो!"

आतून काहीतरी उत्तर आलं असावं.

"सायकल नाही तर नाही, हात आहेत ना? मला ड्युटीला उशीर होतोय. पेशंट मेला तर नाव तुमचं सांगेन!"

तो खाली आला. मी त्याला प्रथमच पाहत होतो. उंच, वाळलेला, आणि ऊन डोळ्यांत गेल्यामुळे एक डोळा मिटलेला. दोघं चाकाशी उकिडवे बसले.

"घट्ट धरा."

"धरलंय."

"हे धरणं झालं? जेवत नाही का तुम्ही?"

"जेवतो."

"दिसतंय! जोर लावा."

हवा भरली. तो लगेच वर गेला. पण दुसऱ्या दिवशी कुरिअरवाला आला, मग आणखी कुणी. मुलं घाईत असत आणि बाई प्रत्येकाला तेच सांगत, "त्यात एक खुबी आहे, ती त्यालाच साधते." खुबी-बिबी काही नव्हती. पण रोज धरून धरून त्याला खरोखरच साधलं. अंगठा कुठे ठेवायचा, किती तिरकं दाबायचं, हे तो इतरांना समजावून सांगू लागला. आधी चाकाकडे बघत बोलायचा, मग माणसाकडे बघून. मला ते मनापासून समजत होतं. हवा भरून झाल्यावर गप्पा जरा रेंगाळू लागल्या. एकदा त्याला मोठ्याने हसताना ऐकलं. कुरिअरवाल्याने सांगितलं होतं की एक म्हातारी त्याच्याकडून पार्सल घेते, त्याच्यासमोरच उघडते आणि आवडलं नाही की त्यालाच रागावते.

बाई त्या दिवशी खिडकीशी आल्या. "डबा पुसून खाल्ला काल," एवढंच म्हणाल्या.

आता हिशेबनिसांकडे वळतो. गृहस्थ अतिशय सज्जन. कुणाची अडचण दिसली की त्यांना ती दूर केल्याशिवाय चैन पडत नसे. रोज सकाळी गॅलरीतून ते बघत की एवढीशी हवा भरायला दोन दोन तरुण माणसं राबतायत. एक दिवस ते माझ्या दारात उभे राहिले.

"नकाशेकाका, त्या पंपाचा वॉशर हरवलाय. तुमच्या बघण्यात आला का?"

माझे कान पेटले. मी म्हणालो, "वॉशर म्हणजे काय?"

हिशेबनीस माझ्याकडे बघतच राहिले. "आयुष्यभर यंत्रांचे नकाशे काढलेत तुम्ही."

"हो, पण मोठ्या यंत्रांचे," मी म्हणालो.

ते हळहळत गेले. बहुधा माझ्या वयाविषयी.

पुढच्या आठवड्यात त्यांनी स्वतःच्या पैशांनी नवाकोरा पंप आणला. उभा राहणारा, खाली पाय ठेवायला पट्टी, वर काटा असलेली तबकडी. कुणीही एकट्याने उभं राहून हवा भरावी. सगळ्यांना अंगणात बोलावून त्यांनी तो सायकलींच्या कठड्याला साखळीने बांधला, म्हणजे कुणाकडे मागायलाच नको.

"आता कुणाला कुणाचा त्रास नाही!" असं म्हणून त्यांनी हात वर केले.

टाळ्या पडल्या. सगळ्यांत जोरात बाईंनी वाजवल्या. त्यांचा चेहरा मात्र पेरूत किडा निघाल्यासारखा झाला होता.

त्यानंतर वरच्या कोपऱ्यातलं दार कुणी वाजवेना. कशाला वाजवतील? पंप अंगणात, काम एका मिनिटाचं, प्रत्येकाला घाई. एक दिवस गेला, दुसरा गेला. अंगणात नुसता पंपाचा आवाज, बोलणं बंद. आणि रविवारी त्या मुलाची आई यायची होती.

बाई खिडकीशी आल्या तेव्हा माझी मनाची तयारी झाली होती. मी कपाट उघडून माझी स्वतःची जुनी पकड बाहेर काढून ठेवली होती. आयुष्यात प्रथमच मी आपणहून काही सुचवलं.

"नव्याचाही वॉशर काढूया का?" मी कुजबुजलो. "पाच मिनिटांचं काम आहे."

बाई माझ्याकडे आ वासून पाहू लागल्या. "काका! तुम्ही?"

"म्हणजे... तुम्ही म्हणत असाल तर."

त्या खूप हसल्या. मग डोळे पुसत म्हणाल्या, "नाही हो. ते नाही करायचं. त्यांनी किती प्रेमाने आणलाय. रोज गॅलरीतून बघत असतात, कोण कोण वापरतंय. त्यांचा पंप बिघडला तर तेही दार लावून बसतील. एकाला बाहेर काढायला दुसऱ्याला आत ढकलायचं?"

"मग काय करायचं?"

"मला नाही माहीत," बाई म्हणाल्या. कुठल्याही गोष्टीवर त्यांनी असं म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. मला फार अस्वस्थ वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नर्स एकटीच अंगणात होती. नव्या पंपाने पुढच्या चाकात हवा भरून तिने पंप नुकताच बाजूला ठेवला होता. एवढ्यात जिन्याच्या तोंडाशी पडदा येऊन उभा राहिला. पायात सपाता, केस विस्कटलेले, हातात जुना पंप. त्याला कुणी बोलावलं नव्हतं.

"आज कोणी आलं नाही," तो म्हणाला. "काल पण नाही. सगळ्यांच्या चाकांत हवा आहे का?"

नर्सची त्याच्याकडे पाठ होती आणि माझ्याकडे तोंड. तिने मान वळवली नाही. खाली वाकून अंगठ्याचं नख व्हॉल्व्हवर टेकवलं आणि दाबलं. फुस्स करून हवा गेली.

"माझ्यात नाहीये," ती म्हणाली. "बघ की, पार बसलंय चाक."

"आत्ता आवाज आला."

"कसला?"

"हवा सुटल्याचा."

"मग? किती गळतंय ते बघ. उभा काय राहिलायस, ये धर लवकर."

त्याने चाकाकडे पाहिलं. साखळीने बांधलेल्या नव्या पंपाकडे पाहिलं. मग तिच्याकडे. त्याला सगळं कळलं होतं याबद्दल मला शंका नाही. तो येऊन खाली बसला आणि त्याने दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं.

तेवढ्यात गॅलरीतून हिशेबनीस ओरडले, "अरे, नवा असताना हे काय चाललंय?"

मी डोळे मिटले. पण ती पोरगी भारी हुशार. वर बघून म्हणाली, "काका, बरं झालं तुम्ही आहात! हवा जुन्यानेच चांगली बसते, पण किती झाली ते कळत नाही. तुमच्या पंपाचा काटा बघून सांगा ना! आम्हाला वाचता येत नाही तो."

हिशेबनीस चष्मा घेऊन जिन्यावरून जवळजवळ धावतच आले. त्यांनी नवा पंप जोडला, काटा वाचला, मान हलवली आणि म्हणाले, "अजून थोडी. मारा." त्या दिवसापासून ती रीतच पडली. जुन्या पंपाने हवा भरायची, नव्याने मोजायची, आकडा हिशेबनिसांनी मोठ्याने सांगायचा. एका चाकात हवा भरायला आता दोन पंप आणि तीन माणसं लागू लागली. बाई रोज पायरीवर बसून ते बघत. दुसऱ्या कुठल्याही कामावर त्यांना इतकं खूश झालेलं मी पाहिलं नाही.

रविवारी आई आली. हातात मोठी रिकामी बॅग, मुलाचं सामान भरायला आणलेली. थेट वर गेली, दार वाजवलं, आत सामसूम. पुन्हा वाजवलं. मग तिच्या हाकांचा सूर असा चढला की मीसुद्धा बाहेर आलो. बाई धापा टाकत जिना चढल्या आणि तिला हाताला धरून खाली घेऊन आल्या.

"अहो, तो घरात नाही. सायकलवर गेलाय."

"सायकलवर? त्याच्याकडे सायकल नाही!"

"कुरिअरवाल्याची घेतलीय. सगळी पोरं तळ्यावर गेलीत. तुम्ही दुपारी येणार असं त्याला वाटलं. तुम्हीच सकाळी टपकलात, त्याला तो काय करणार?"

आईला माझ्या खुर्चीत बसवलं. बाईंनी माझ्याच घरी, माझ्याच भांड्यात चहा केला आणि मला काही न विचारता तिघांसाठी केला. ती माउली कप हातात धरून नुसती फाटकाकडे बघत होती. चहा गार झाला. मी एकदम विचारलं, "तुमच्या घरचं छत किती उंच आहे?" का विचारलं, देव जाणे. तिने मात्र नीट विचार करून उत्तर दिलं.

शेवटी ती सगळी आली. पडदा सगळ्यांत मागे, सायकल ढकलत, कारण चाक पंक्चर. नाक उन्हाने सोललेलं, शर्ट घामाने पाठीला चिकटलेला.

आई उठून उभी राहिली. "हे काय रे! किती काळवंडलास!" असं म्हणत तिने त्याच्या पाठीत एक धपाटा घातला आणि मग तिथेच त्याला धरून रडायला लागली. "हात सोड आई, सगळे बघतायत," तो म्हणत होता, पण त्याने स्वतःचे हात काही सोडवले नाहीत.

संध्याकाळी ती परत गेली. बॅग रिकामीच होती. जाताना बाईंशी फाटकात बराच वेळ बोलत होती, पण फाटक माझ्या खिडकीतून दिसतं तेवढंच, ऐकू येत नाही.

त्यानंतर सगळं छान झालं असं मी म्हणणार नाही. मधून मधून तो पडदा अजूनही बंद दिसे. पण बंद राहिला तर आता कुणीतरी जाऊन दार वाजवत असे. कधी नर्स, कधी कुरिअरवाला. एकदा शिडी घेऊन मीही गेलो होतो. त्याच्या खोलीतला दिवा गेलेला नव्हता. त्याने विचारलं नाही, मी सांगितलं नाही. छताकडे बघत बसलो दोघं जरा वेळ.

काही वर्षांनी बाईंच्या गुडघ्यांनी जिन्यापुढे हात टेकले. त्या बहिणीकडे राहायला निघाल्या. त्यांचं सामान इतकं थोडं होतं की वाईट वाटलं, पण मग आठवलं की त्यांच्या वस्तूही त्यांनी घरोघरी ठेवलेल्या असणार. पडद्याने तोवर मागच्या गल्लीत मोठी खोली घेतली होती, तरी सकाळपासून तोच ट्रंक आणि गाठोडी खाली आणत होता. सगळे अंगणात जमले. मी खिडकीत होतो. मनात बरंच काही जुळवून ठेवलं होतं, आदल्या दिवशी कागदावरसुद्धा लिहून पाहिलं होतं. ते काही तोंडून निघेना.

बाई गाडीकडे जाता जाता वळल्या आणि कट्ट्याशी आल्या. मागे गाठोडं घेऊन पडदा उभा होता.

मी खाकरलो.

"जेवलात का?" त्यांनी विचारलं.

"अजून नाही."

"हाही नाही जेवलेला सकाळपासून. अंडी आहेत ना घरात?"

"आहेत."

"मग करा दोघांसाठी. कांदा त्याला चिरायला लावा."

"बरं," मी म्हणालो.